पक्का रंग

जांभळी नाक्यावर नेणशीभाईंच्या दुकानात
गादीवर मांडी घालून बसलेय सकाळपासून,
समोर चौकडेच चौकडे.
लालावर काळा, काळ्यावर लाल,
हे दोन वेगळे आहेत म्हणे, नीट बघा,
हिरव्यात निळा, निळ्यात बारीक पिवळी रेघ,
आमसुली, अंजिरी, शेवाळी,
आणि एक असा करडा
की वाटावं, ताग्याला झोप लागलीय.

"हा टार्टन, मॅडम. विलायती डिझाइन.
तिकडे प्रत्येक घराण्याचा चौकडा ठरलेला असतो."
"आमच्याकडेही," मी म्हटलं,
आणि पिशवीतून काकांचं फडकं काढलं.

चेंदणी कोळीवाड्यातले सत्तावीस पुरुष
परवा मितेशच्या हळदीला नाचणार
एकाच रंगाच्या सुरक्यात,
जीन्सवर बांधून,
कारण नुसता सुरका नेसायची हिंमत
आता फक्त बुधाजीकाकांत.
रंग निवडायचं काम माझ्याकडे, का,
तर मी वागळे इस्टेटला छापखान्यात शाई मिसळते.
घरात सगळ्यांना वाटतं, हिला रंगातलं कळतं.

मला इतकंच कळतं
की ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतात.
म्हणून एकेक तागा उचलून बाहेर नेते,
फूलवालीच्या टोपलीशेजारी, उन्हात.
आतला मोरपंखी बाहेर नुसताच निळा.
डाळिंबी निघाला विटकरी.
शेवाळी मात्र शेवाळीच राहिला, प्रामाणिक,
पण हळदीला शेवाळी कोण नेसतं?
दुकानातला पोऱ्या चार वेळा मागे धावला,
मी तागा घेऊन पळतेय की काय म्हणून.

फडक्याला रंगच उरलेला नाही.
चाळीस वर्षं खाडीचं पाणी, चिखल, ऊन.
कॅलेंडर काढल्यावर भिंतीवर दिसतो
तसे फिकट चौकोन तेवढे.
चांगुणाआत्या म्हणते, लाल होता.
आई म्हणते, हिरवा, मीच धुतलाय ना.
काका म्हणतात, "मना नाय आठवत गो.
कमरेला व्हता, डोल्यांना कवा दिसला?"

मग नेणशीभाईंनी कात्रीच्या टोकानं
कडेची शिवण दोन बोटं उसवली,
दुमड उलगडली,
आणि आत
जांभळा.
जिभेवर दिवसभर राहतो तसला,
त्यात केशरी रेघ, केसाएवढी.
इतकी वर्षं दुमडीत बसून होता,
बाहेर काय झालं
त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

हा रंग त्यांच्याकडे नव्हता.
शेडकार्डात नाही, माळ्यावर नाही,
भिवंडीला फोन केला, तिथंही नाही.
"ऑर्डरीवर होईल. कमीत कमी दोनशे मीटर."
सत्तावीस पुरुष. हळद परवा.

काकांना फोन लावला.
ऐकून घेतलं त्यांनी, मागे टीव्हीचा आवाज.
"जांभला व्हता? बरा."
मग जरा थांबून,
"कनचाबी घे. हलद लागली का सगलेच पिवले."

लालावर काळा घेतला.
मीटरपट्टी सरकवत नेणशीभाई म्हणाले,
"पक्का रंग, मॅडम. गॅरंटी. जाणार नाही."
फोन अजून चालूच होता.
"जाल कनाला?" काका म्हणाले,
"खाडीन उतरतंय कोन आता?"

कात्री कापडातून सरळ गेली,
सुर्रर्र, सत्तावीस वेळा.
तोवर मी उसवलेली शिवण पुन्हा दुमडून
फडकं पिशवीत तळाशी ठेवलं.

बिल कुणाच्या नावानं, पोऱ्यानं विचारलं.
चेंदणी लिही, म्हटलं.
त्यानं लिहिलं, चंदनी.
दिवसभर रंगांचीच नावं ऐकून
हाही एक वाटला असणार त्याला.
मी दुरुस्त केलं नाही.